आज माझा फास्ट आहे



चातुर्मास सुरू झाला की आपल्या घरांतून एक इंग्रजी शब्द दिवसातून दहा वेळा ऐकू येतो. मुलगी सकाळी सांगते, "आई, आज माझा फास्ट आहे, डबा भरू नकोस." जाऊबाईंचा नातू शाळेत बाईंना सांगतो, "आजीचा आठ दिवसांचा फास्ट आहे." लॅबमधली मुलगी रक्त काढायच्या आधी विचारते, "काकू, फास्टिंग आहे ना?" आणि टीव्हीवर कोणीतरी सडपातळ बाई सांगत असते की रोज सोळा तास फास्टिंग केलं की वजन उतरतं. शब्द एकच, पण चौघांच्या मनातली गोष्ट वेगवेगळी.

मला इंग्रजी शब्दांचं वावडं नाही. कुकर, मिक्सर, गॅस हे शब्द वगळून मला स्वयंपाकघराबद्दल दोन वाक्यंही धड बोलता येणार नाहीत. पण कुकरला कुकर म्हटल्याने कुकरचं काही बिघडत नाही. उपवासाला फास्ट म्हटल्याने मात्र बरंच काही हातातून निसटतं, असं माझं मत आहे. म्हणून या शब्दाच्या मुळाशी जाऊन बघितलं, आणि जे सापडलं ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं.

मराठी शाळेत आपण सगळ्या 'फास्ट म्हणजे जलद' असं शिकलो. मुंबईत फास्ट लोकल, घड्याळ पाच मिनिटं फास्ट, टोलनाक्यावरचा फास्टॅग. मग उपवासालाही फास्ट का म्हणायचं? न जेवण्यात जलद काय आहे? उलट उपवासाच्या दिवशी दुपारचे तीन वाजता वाजत नाहीत!

गंमत अशी की या शब्दाचा जुना अर्थ जलद असा नाहीच. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता घट्ट, पक्का, न हलणारा. जर्मन भाषेत 'फेस्ट' म्हणजे आजही घट्ट, आणि उपवास करणे याला तिथे 'फास्टन' म्हणतात. विमानात 'सीटबेल्ट फास्टन करा' सांगतात, म्हणजे पट्टा लवकर लावा असं नाही, घट्ट बांधा. कापडाच्या दुकानात 'फास्ट कलर' म्हणजे पक्का रंग, धुतला तरी न जाणारा. 'फास्ट अस्लीप' म्हणजे गाढ झोपलेला. जो डगमगत नाही तो 'स्टेडफास्ट'. म्हणजे अन्नापासून स्वतःला घट्ट धरून ठेवणं, नियमाला चिकटून राहणं, तो फास्ट. जलद हा अर्थ मागाहून आला. घट्ट, जोर लावून धावणं, आणि जोर लावून धावणं म्हणजेच वेगाने धावणं, असा तो सरकत गेला.

आता आपली मराठी बघा. आपण उपास 'करतो' म्हणतो, तसंच उपास 'धरतो' असंही म्हणतो. धरणे! जो अर्थ इंग्रजांच्या जुन्या शब्दात होता, तोच आपल्या आज्यांच्या तोंडी होता. कोणी कोणाकडून घेतला नाही. न खाता राहिलेल्या माणसाला दोन्हीकडे एकच अनुभव आला असणार, की ही धरून ठेवण्याची गोष्ट आहे.

आणि आपण उपास 'सोडतो'. इंग्रजीत मात्र तो 'ब्रेक' करतात. शब्दशः घेतलं तर ब्रेक म्हणजे मोडणे. मराठीत उपास सोडणं आणि उपास मोडणं यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. सोडला म्हणजे वेळ झाली, पच्चक्खाण पूर्ण झालं, णमोकार म्हणून पाणी घेतलं. मोडला म्हणजे मधेच खाल्लं. इंग्रजीत दोन्हींना एकच क्रियापद. म्हणून मुलीने मैत्रिणीला इंग्रजीत 'मी फास्ट ब्रेक केला' असं लिहिलं तर ती पारण्याचे मूग खातेय की दुपारी चारला वडापाव खाल्लाय, हे पुढचं मागचं वाचूनच कळणार.

याच शब्दातून रोजचा ब्रेकफास्ट आला. रात्रभर पोट रिकामं होतं, सकाळी ते व्रत सोडलं, तो ब्रेकफास्ट. म्हणजे अर्थाने पाहिलं तर रोज सकाळी प्रत्येक इंग्रज माणूस पारणंच करत असतो! फ्रेंच लोकांच्या जेवणाच्या शब्दातही, 'देज्यने' मध्ये, उपास सोडणे हाच मूळ अर्थ आहे. आपल्याकडे ज्यांचा नवकारसीचा नियम असतो त्या सूर्योदयानंतर दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटं, थांबून मगच तोंडात पाणी घेतात. त्यांचा चहा हा खरोखरचा ब्रेकफास्ट. बाकीच्यांचा नुसता नाश्ता.

वापराचंही एक सांगते, कारण मुलांच्या परीक्षेत हे येतं. इंग्रजीत हा शब्द क्रियापदासारखाही चालतो. 'आय ॲम फास्टिंग' म्हणजे माझा उपवास आहे. 'आय ॲम फास्ट' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, ही बाई चपळ आहे. फास्ट 'कीप' करतात किंवा 'ऑब्झर्व्ह' करतात, म्हणजे पाळतात. इथेही पाळणं आलंच.

इतका चांगला, घट्ट अर्थाचा शब्द असताना माझी तक्रार काय? तक्रार शब्दाबद्दल नाही, त्याच्या पोटात आपण जे जे कोंबतो त्याबद्दल आहे.

आपल्याकडे न खाण्याला किती नावं आहेत ते मोजून बघा. दिवसातून एकदाच, एका जागी बसून जेवायचं ते एकाशन. दोनदा ते बियासन. शेजारच्या श्वेतांबर भाभी चैत्रात आणि आश्विनात नऊ दिवस ओळीची आयंबिल करतात, म्हणजे एकदाच जेवण आणि तेही दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर, मसाला काही नसलेलं. भूक असतानाही दोन घास कमी खायचे ती ऊनोदरी. तूप किंवा मीठ असा एखादा रस सोडायचा तो रसपरित्याग. सहा बाह्य तपांत चार तपांचा संबंध थेट आहाराशी आहे, आणि पूर्ण उपवास हे त्यातलं फक्त एक.

पूर्ण उपवासातही भेद आहेत. आमच्या दिगंबर घरांत उपवास म्हणजे चारही प्रकारच्या आहाराचा त्याग, पाणीसुद्धा नाही. भाभींकडे तिविहार उपवासात दिवसा उकळलेलं पाणी चालतं, चौविहारात तेही नाही. जुन्या भाषेत एका उपवासाला चतुर्थभक्त म्हणत, म्हणजे चार जेवणं सोडणं. आदल्या संध्याकाळचं एक, त्या दिवसाची दोन आणि दुसऱ्या दिवशीचं एक. दोन उपवास म्हणजे षष्ठभक्त, तीन म्हणजे अष्टमभक्त. किती नेमका हिशेब! आदल्या दिवशी एकच जेवण आणि पारण्याच्या दिवशीही एकच. म्हणजे उपवासाच्या आदल्या रात्री दाबून जेवायचं आणि पारण्याला तीन पक्वान्नं मांडायची, याला त्या नावातच जागा ठेवलेली नाही. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याला लागू होऊ नये म्हणून कोणीतरी नावातच कडी घालून ठेवली आहे.

हे सगळं एका 'फास्ट' मध्ये टाकलं की समोरच्याला काय कळणार? माझ्या भाचीने ऑफिसात "आज फास्ट आहे" म्हटलं, तर शेजारच्या टेबलवरच्या ताईंनी प्रेमाने साबुदाण्याची खिचडी आणि उपासाची बटाट्याची भाजी पुढे केली. त्या ताईंचा काहीच दोष नाही. त्यांच्या घरी उपासाला तेच चालतं. पण आपल्याकडे बटाटा एरवीच्या दिवशीही चालत नाही, तो उपवासाला कुठून चालणार? भाचीने मग समजावून सांगितलं, "ताई, मी एकाशन करते, घरी जाऊन एकदाच जेवणार." त्या म्हणाल्या, "अगं, मग आधी असं सांगायचं ना!" अगदी बरोबर बोलल्या. मुस्लिम मैत्रीण 'रोजा आहे' म्हणते तेव्हा तिला कोणी दुपारी पाणी विचारत नाही. तिने आपला शब्द टिकवला म्हणून इतरांनी तो शिकून घेतला. आपण आपला शब्द वापरलाच नाही तर लोक तो शिकणार कसा?

ऑफिसात फार तर खिचडी परत जाते. दवाखान्यात मात्र हा घोळ परवडत नाही. साखरेच्या तपासणीसाठी 'फास्टिंग' म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ निदान आठ तास काही खायचं नाही, साधं पाणी चालतं. ऑपरेशनच्या आधी पाणी कधीपासून बंद, ते डॉक्टर वेगळं सांगतात. आणि आमच्या सासूबाईंचा उपवास म्हणजे आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंबही नाही. एका लॅबमध्ये त्यांना विचारलं, "आजी, फास्टिंग?" त्या मान हलवून हो म्हणाल्या. दोघींचंही खरं होतं आणि दोघींनाही एकमेकींचं कळलं नव्हतं. मी मधे पडून सांगितलं की पंधरा तास झालेत आणि पाणीही घेतलेलं नाही, तेव्हा त्या मुलीने ते फॉर्मवर लिहून घेतलं.

मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन उपाशीपोटी घेतलं तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचंही पाणी बंद असताना गणित बदलतं. म्हणून डॉक्टरांना 'माझे फास्ट असतात' एवढं सांगून भागत नाही. किती दिवस, किती तास, पाणी चालतं की नाही, गोळी कधी घेता येईल, हे सगळं दशलक्षण किंवा पर्युषण सुरू व्हायच्या आधी जाऊन बोलायला हवं. डॉक्टर नको म्हणाले तर ऊनोदरी आहे, रसपरित्याग आहे, स्वाध्याय आहे. सोळा कारण भावनांतल्या एकीचं नावच 'शक्तितस्तप' आहे, शक्तीनुसार तप. शक्ती हा शब्द शास्त्रकारांनी उगीच घातलेला नाही.

आता थोडं कडू बोलते. फास्ट शब्दाचा तो दुसरा, वेगाचा अर्थ आपल्या तपातही शिरू लागला आहे की काय, अशी मला शंका येते. कोणाची अट्ठाई, कोणाचं मासखमण, कोणाच्या मुलाने कितव्या वर्षी किती केले, कोणाच्या पारण्याला किती मोठा मंडप. तपाची अनुमोदना करावी, जरूर करावी, तपस्वीच्या पायाशी बसून सेवा करावी. पण अनुमोदना आणि शर्यत यांत फरक आहे. २०१६ साली हैदराबादमध्ये तेरा वर्षांच्या एका मुलीचा ६८ दिवसांच्या उपवासानंतर मृत्यू झाला. देशभर बातम्या आल्या. त्या घरावर काय कोसळलं असेल याची कल्पनाही करवत नाही, आणि त्यांना दूरून बोल लावायचा मला अधिकार नाही. पण आपल्या घरातल्या लेकरांबद्दल बोलायचा अधिकार मला आहे. वाढत्या वयाच्या मुलाचं शरीर उपवासांचा आकडा गाठण्यासाठी नसतं. त्याने एक दिवस रात्रीचं खाणं सोडलं, आठवडाभर चॉकलेट सोडलं आणि ते धरून ठेवलं, तर तोही तपच आहे. मोठा आकडा सांगणाऱ्या मुलाला टाळ्या मिळतात. छोटा नियम न मोडता पाळणाऱ्या मुलाकडे कोणी बघतही नाही. आपण बघू या.

दुसरी शंका त्या सोळा तासांच्या फास्टिंगबद्दल. दरवर्षी पर्युषणात मोबाइलवर मेसेज फिरतो की उपवासाचे फायदे सांगितले म्हणून जपानच्या शास्त्रज्ञाला नोबेल मिळालं. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं हे खरं. पण ते मिळालं पेशी आपलेच खराब झालेले भाग कसे मोडून पुन्हा वापरतात, या शोधासाठी. त्यांचं मुख्य काम यीस्टच्या, म्हणजे पाव फुगवणाऱ्या खमिराच्या पेशींवरचं. उपाशी ठेवलेल्या पेशींत ती क्रिया वाढते हे त्यांनी पाहिलं. आठ दिवस उपवास करा, असं काही त्यांच्या नोबेलमध्ये नाही. ज्याला वजन उतरवायचं त्याने जरूर सोळा तास थांबावं, सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या आपल्या घरांना ते फारसं अवघडही नाही. पण आपल्या उपवासाला नोबेलच्या शिक्क्याची गरज वाटावी, हे मला खटकतं. ती बाई वजन सोडायला उपाशी राहते. आपण राग, मान, माया, लोभ सोडायला राहतो. उपवासाच्या दिवशी सुनेवर दिवसभर चिडचिड केली तर वजन कदाचित उतरेल, पण उपवास घडला असं म्हणता येणार नाही. 'उप' म्हणजे जवळ, 'वास' म्हणजे राहणं. इंद्रियांनी बाहेरची धावपळ थांबवून आत्म्याजवळ राहणं, असा आपल्याकडे त्याचा अर्थ सांगतात. एवढं 'फास्ट' मध्ये नाही. फास्ट सांगतो कसं राहायचं, घट्ट. उपवास सांगतो कोणाजवळ.

आणि शेवटचं, सर्वांत गंभीर. इंग्रजी वर्तमानपत्रं सल्लेखनेला 'फास्ट अनटू डेथ' लिहितात. ऑगस्ट २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा बेकायदा ठरवला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, तेव्हा हाच शब्दप्रयोग जिथे तिथे होता. गांधीजींनी सप्टेंबर १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात अन्नत्याग केला, त्यालाही इंग्रजीत हेच शब्द. मराठीत मात्र आपण त्याला उपोषण म्हणतो. उपोषणात मागणी असते, समोर कोणीतरी असतो, मागणी मान्य झाली की फळांचा रस घेऊन ते संपतं. सल्लेखनेत मागणी कोणाकडेच नसते. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली कुंथलगिरीला सल्लेखना घेतली ती दृष्टी मंदावल्यामुळे. पायाखालचा जीव दिसेनासा झाला तर अहिंसा महाव्रत निर्दोष कसं पाळणार, म्हणून. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांनी त्या दिवसांच्या आठवणी आयुष्यभर जपल्या. त्यांच्यापैकी कोणाच्याही तोंडी मरणासाठी उपाशी राहणं असे शब्द नव्हते. सल्लेखना योग्य की अयोग्य यावर वाद करणाऱ्यांनी खुशाल वाद करावा. पण आधी ज्याच्यावर वाद करायचा त्याचं नाव तरी नीट घ्यावं. चुकीच्या नावाने उभा केलेला वाद चुकीच्याच ठिकाणी जाऊन पोचतो.

म्हणून माझं एवढंच सांगणं आहे. बाहेरच्या माणसाला पटकन सांगायचं असेल तर 'फास्ट' म्हणा, काही बिघडत नाही. पण पुढचं वाक्यही म्हणा. एकाशन आहे, एकदाच जेवणार. उपवास आहे, पाणीही नाही. आयंबिल आहे, तूप-तेल नको. डॉक्टरांना तास सांगा, पाण्याचं सांगा, गोळ्यांचं विचारा. आणि घरात, मुलांशी बोलताना, आपलाच शब्द वापरा. एकाशन म्हणजे काय हे शाळेत कोणी शिकवणार नाही. ते स्वयंपाकघरातच, ताट वाढताना कळतं. मुलांना इंग्रजी शब्दाचा जुना अर्थही सांगा, त्यांना मजा वाटेल. सीटबेल्ट बांधताना आणि पच्चक्खाण घेताना एकच शब्द आहे, दोन्हीकडे अर्थ घट्ट धरण्याचा आहे, हे एकदा कळलं की फास्ट म्हणजे भराभरा आकडा वाढवणं नव्हे, हे त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही.

ज्यांचे उपवास चालू आहेत त्यांच्या तपाची मनापासून अनुमोदना. ज्यांना प्रकृतीमुळे जमत नाही त्यांनी मन खट्टू करून घेऊ नये. दोन घास कमी आणि एक कठोर शब्द कमी, एवढं धरलं तरी पुष्कळ धरलं.

सर्वांना सुखसाता. जय जिनेंद्र.